सनद घेऊन गावाकडे जाऊ, की पुण्यातली नोकरी धरू?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्याला शिकायला आलेली ही मुलगी पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील एसटीत कंडक्टर, दोन वर्षांत निवृत्त होतील. धाकटा भाऊ बारावीत. बँकेचं साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज डोक्यावर. घरात पहिल्यापासून एकच ठरलेलं: पदवी हातात पडली की न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची. क्लासची फीही भरलेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आणि तो बेत फिसकटला. त्यातच इंटर्नशिपमध्ये तिने पाहिलं, की जे टिपण काढायला दोन मुलांना दोन दिवस लागले असते ते एआयने दहा मिनिटांत काढलं. सिनिअर वकील हसत म्हणाले, 'पुढच्या वर्षीपासून इंटर्न घ्यायचे कशाला?' आता पुण्यातली एक कंपनी परदेशी कंपन्यांचे करार तपासायच्या कामावर 32 हजार पगार देऊ करते आहे. गावाकडे वडिलांचे एक वकील मित्र 'आमच्या ऑफिसात ये' म्हणतात, पण पैशांचं नाव काढत नाहीत. मामेभाऊ म्हणतो, वकिली संपली, स्पर्धा परीक्षेला बस. तिचा शेवटचा प्रश्न: 'ताई, माझी पाच वर्षं फुकट गेली का?'

प्रिय मैत्रिणी,

आधी एक सांगून टाकते. मी स्वतः जिल्हा न्यायालयात वकिली करते, तेव्हा या प्रश्नात मी तटस्थ नाही. माझ्या सल्ल्यातून तेवढी वजावट करून घे.

तुझ्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक पैशाचा, एक परीक्षेचा, एक यंत्राचा, आणि तळाशी 'आपण फसलो की काय' ही धाकधूक. पैशापासून सुरुवात करू, कारण तो बाजूला ठेवून वकिलीवर दिलेलं व्याख्यान तुझ्या वडिलांच्या काही कामाचं नाही.

वकिलीची पहिली दोन-तीन वर्षं घरच्या जिवावर निघतात. बाररूममध्ये हे सगळ्यांना माहीत असतं आणि कॉलेजात कोणी बोलत नाही. ज्याच्या घरी ऑफिस आहे, निदान आई-वडिलांचा पगार आहे, तो टिकतो. बाकीची मुलं दोन वर्षांत बँकेच्या वसुली विभागात दिसतात. वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनिअरला शहरात महिना किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार मानधन द्यावं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी सुरुवातीला झेरॉक्सचे आणि पेट्रोलचे पैसे मिळाले तरी लोक सिनिअरला चांगला म्हणतात. हे बदलायला हवं, पण तुझा हप्ता ते बदलण्याची वाट पाहणार नाही.

आता हप्ताच बघू. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकं काय आहे ते वाच. वकील होऊ घातलेल्या मुलीने स्वतःचा करार वाचलेला असावा. साडेतीन लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, असा हिशेब धरला तर महिना साडेचार हजारांच्या थोडा वर हप्ता येतो. अभ्यासाच्या काळातलं व्याज मुद्दलात चढलं असेल तर पाच-साडेपाच हजार धरून चाल. पुण्यात 32 हजार मिळतील, त्यातून खोली, मेस, जाणं-येणं वजा कर. गावी राहून काम केलंस तर हे खर्च जवळपास नाहीत. म्हणजे 32 हजार विरुद्ध शून्य असं जे चित्र तू मांडलंस ते तसं नाही. तरीही फरक उरतोच, आणि वडिलांच्या निवृत्तीच्या तोंडावर तो लहानही नाही. म्हणून घरी 'मला कोर्टात जायचंय' एवढंच सांगू नकोस. 'हप्ता सुरू व्हायला इतके महिने आहेत, तोवर मी इतके कमवीन, नाही जमलं तर अमुक महिन्यात नोकरी धरीन' असं कागदावर लिहून वडिलांपुढे ठेव. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब जुळवलेल्या माणसाला आकडा पटतो.

सनदेच्या फीचा धसका घेतला असशील तर तो सोड. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वकील कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्यांच्या बार कौन्सिलना घेता येणार नाही: सर्वसाधारण गटाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्याआधी काही राज्यांत हा आकडा 40 हजारांच्या पुढे गेला होता.

आता परीक्षेकडे. तीन वर्षांच्या अटीकडे तू दारात उभ्या केलेल्या चौकीदारासारखं पाहतेस, आणि ज्यांनी पदवीच्या आधीच क्लासची फी भरली त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण ही अट काल कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती घातली होती. पुढे न्यायाधीशांच्या सेवाशर्तींसाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाने म्हटलं, की अशाने हुशार मुलं या सेवेकडे फिरकत नाहीत, म्हणून 2002 मध्ये ती काढली. आपल्याकडेही मग ताज्या पदवीधरांना काही अटींवर परीक्षेला बसता येऊ लागलं. वीसेक वर्षांनी बहुतेक उच्च न्यायालयांनी कळवलं, की कोर्टाचं तोंड न पाहिलेली मुलं थेट डायसवर बसतात तेव्हा अडचण होते. आणि 20 मे 2025 ला अट परत आली.

मला विचारशील तर अट बरोबर आहे, पण तिचा भार चुकीच्या खांद्यावर पडला आहे. ज्याने कधी साक्षीदाराला पिंजऱ्यात थरथरताना पाहिलं नाही त्याने त्याच्या जबाबाची पारख कशी करायची? तेवीस वर्षांची मुलगी पन्नाशीच्या बाईच्या घटस्फोटाचा निकाल देते तेव्हा निदान तिने अशा चार बायकांचं ऑफिसात बसून ऐकलेलं असावं. पण ती तीन वर्षं कोणाच्या पैशावर काढायची, याचं उत्तर निकालात नाही. एसटी कंडक्टरच्या मुलीला आणि सिनिअर कौन्सिलच्या मुलाला एकच अट लावली की ती वरून समान दिसते, एवढंच.

असो. तुझ्या कामाचं पुढे आहे. हा अनुभव तात्पुरती नोंदणी झाल्याच्या तारखेपासून मोजला जातो. वकिलीसाठी पदवीनंतर द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा पास होईपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि ती परीक्षा आता शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही देता येते. म्हणजे निकाल लागला, की चार दिवस गोव्याला जाऊन ये हवं तर, पण नोंदणीचा अर्ज त्याच महिन्यात गेला पाहिजे. अनुभवाचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा लागतो, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा, ज्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर असेल. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. तेव्हा उच्च न्यायालयाच्या क्लार्कच्या जागा निघतात का, यावर डोळा ठेव. मानधन मिळतं आणि वर्षही मोजलं जातं. प्रत्येक जाहिरातीत अटी पुन्हा वाचायच्या, क्लासवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबायचं नाही.

आणि हे नीट ध्यानात घे: कंपनीतली पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी तशी मनाई आहे. पुण्याच्या त्या नोकरीत तू दिवसभर कायद्याचीच कागदपत्रं वाचलीस तरी ती वर्षं परीक्षेसाठी वकिली म्हणून मोजली जाणार नाहीत. 'आधी तीन वर्षं नोकरी करते, मग परीक्षा देते' असा बेत तुझ्या पत्रात ओझरता दिसतो. तो असाच्या असा जमणार नाही.

आता यंत्राची गोष्ट, जिच्यामुळे तू रात्री जागी राहतेस.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीची बाई ऑफिसात येते. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला सातबारा. म्हणते, भावांनी हिस्सा दिला नाही. आज कुठल्याही एआयला नावं, गट नंबर, क्षेत्र दिलंस तर वाटपाच्या दाव्याचा मसुदा पाच मिनिटांत मिळेल. हिंदू वारसा कायद्याचं कलम 6 येईल, मुलीला जन्मानेच हक्क असल्याचा 2020 चा विनीता शर्मा निकाल येईल, शेवटी मनाई हुकमाची मागणी येईल. भाषा तुझ्या-माझ्यापेक्षा सफाईदार. पण दावा टिकेल की नाही हे ठरतं वेगळ्याच गोष्टींवर. जमीन वडिलोपार्जित, की वडिलांनी विकत घेतलेली? वडील वारले तेव्हा वारसाच्या फेरफारात हिचं नाव लागलं होतं का, आणि लागलं असेल तर कुठल्या फेरफाराने उडालं? भावांची आपसात वाटणी 20 डिसेंबर 2004 च्या आधी झाली का, आणि झाली असेल तर नोंदणीकृत दस्ताने की नुसत्या तोंडी? हक्कसोडपत्र झालंय का?

या शेवटच्या प्रश्नाला बाई पहिल्या दिवशी 'नाही' म्हणते. दुसऱ्यांदा येते तेव्हा म्हणते, 'तलाठ्याकडे एकदा सही घेतली होती, कशावर ते ठाऊक नाही.' तिसऱ्यांदा, चहा झाल्यावर, सोबत आलेली जाऊ बाहेर पान खायला गेलेली असताना म्हणते, 'मॅडम, तालुक्याला नेलं होतं. फोटो काढला, अंगठाही घेतला. भाऊ म्हणाला, सोसायटीच्या कर्जासाठी आहे.' म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्र आहे. आता नुसता वाटपाचा दावा करून भागत नाही. तो दस्त फसवून घेतला म्हणून त्यालाही आव्हान द्यावं लागतं आणि मुदतीचा प्रश्न येतो. हे न विचारता दावा लावला असता तर समोरच्याने कैफियतीसोबत, म्हणजे लेखी उत्तरासोबत, दस्त हजर केला असता आणि उलटतपासात आपली बाई उघडी पडली असती. आणि ती आत्ताच का आली? रस्त्यात जमीन गेली, मोबदला भावांच्या खात्यावर आला, म्हणून. तेही तिसऱ्याच भेटीत कळतं.

यंत्राला विचारलंस तर या प्रश्नांची यादी ते देईल, हे मी मोकळेपणाने मान्य करते. कदाचित माझ्यापेक्षा लांब यादी देईल. पण यादी वाचून दाखवली म्हणून ती बाई उत्तर देणार नाही. उत्तर कोणापुढे द्यायचं हे ती ठरवते, आणि त्या खुर्चीवर तू असशील तर तुला काम आहे.

माझी खरी चिंता वेगळी आहे, आणि ती तुझ्या चिंतेच्या जवळची आहे. हे प्रश्न विचारायचे असतात हे आम्हाला कळलं कशातून? जुन्या फाइलींच्या तारीखवार याद्या काढताना, रोजनाम्यांच्या, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या नोंदींच्या, नकला वाचताना, सिनिअरचा मसुदा चौथ्यांदा टाइप करताना. कंटाळवाणं काम होतं, पण हात त्यातच बसला. तेच काम यंत्राकडे गेलं तर ज्युनिअर शिकणार कशावर? तुझ्या सिनिअरांनी इंटर्न नकोत म्हटलं तेव्हा दोन दिवसांचं काम वाचलं असं त्यांना वाटलं. पंधरा वर्षांनी त्यांची ऑफिसं सांभाळायला तयार माणूस नसेल हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हा प्रश्न कॉलेजांनी आणि बार असोसिएशनांनी सोडवायचा आहे. तोवर तू एवढं कर: तारखांची यादी आणि पहिला मसुदा स्वतः हाताने काढ, मग यंत्राकडून काढून घे आणि दोन्ही शेजारी ठेव. त्याला सुचलेलं आणि तुला न सुचलेलं शिकून घे. तुला सुचलेलं आणि त्याला न सुचलेलं तुझं भांडवल.

आणि यंत्राने दिलेला निवाडा मूळ ठिकाणी उघडून वाचल्याशिवाय कोर्टात द्यायचा नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. आदेश सरकारी अधिकाऱ्याचा होता, वकिलाचा नव्हे. म्हणजे आता समोरच्याचा कागद तपासणं हेही एक काम झालं. उच्च न्यायालयाचे निर्णय संकेतस्थळावर फुकट मिळतात. पडताळायला दोन मिनिटं लागतात.

आता पुण्याच्या नोकरीबद्दल माझं मत ऐक. घरी ती पक्की वाटते, कारण दर महिन्याला पगार येतो. पण कामाचं स्वरूप बघ. एकाच साच्याचे शेकडो करार, त्यात ठरलेली कलमं आहेत का पाहायचं, नसतील तिथे खूण करायची. एआय कुठलं काम आधी खाईल असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवीन. तुला भीती वाटते वकिलीची, आणि आसरा शोधतेस तो नेमका तिथे जिथे ती भीती सर्वांत खरी आहे. ती नोकरी धरूच नकोस असं मी म्हणत नाही. कर्ज फेडायला दीड-दोन वर्षं करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यात काही वावगं नाही. तिथे गेलीस तर नुसती खुणा करत बसू नकोस. वाटाघाटी कोण करतं, विदा (डेटा) संरक्षणाचं काम कोणाकडे आहे, तिकडे सरक. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा जसजसा लागू होईल तसतसं तिथे काम वाढेल. पण परीक्षेचा बेत जिवंत ठेवायचा असेल तर ही वाट लांबची आहे, हे मान्य करून जा.

मामेभावाचं फार मनावर घेऊ नकोस. स्पर्धा परीक्षा द्यावीशी वाटत असेल तर दे, पण 'वकिली संपली' हे कारण धरून नको. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. (त्यातून वकिलांना पाच कोटी फिया मिळतात असं नाही, हेही खरं. तुंबलेली प्रकरणं आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

तुला एक फायदा आहे आणि तो तुझ्या लक्षात आलेला नाही. तुमची बॅच अशी सापडली, की भारतीय दंड संहितेचा अभ्यास झाला आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तू पत्रात यावर चिडली आहेस. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेनेच चालणार, म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन्ही संहिता लागणार. बाररूममध्ये जाऊन बघ. तीस वर्षं ज्यांच्या जिभेवर आकडे होते ते आज मोबाइलमध्ये तक्ते शोधतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 482 म्हटलं की उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करायचा अर्ज. आता तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करायचं कलम झालं 528. पुराव्यात तर आणखी. मोबाइलमधलं चॅट किंवा सीसीटीव्हीचं चित्रण दाखल करायचं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांवर बंधनकारक झालं आहे. ते झालं का, कधी सुरू झालं, मध्ये कुठे तुटलं, यावर आता उलटतपास चालणार. साठीच्या सिनिअरला हॅश व्हॅल्यू म्हणजे काय ते विचारून बघ. मग तुझी किंमत तुला कळेल.

दुसरं, तुझा जिल्हा. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले आहेत. यासाठी तिथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली. आजवर सांगलीचं अपील म्हणजे मुंबईची रात्रीची गाडी, तिथल्या वकिलाची फी आणि पक्षकाराचा खाडा. त्यामुळे खालच्या कोर्टात दावा चालवलेला वकील वर उभा राहायचाच नाही. आता सांगलीहून सकाळी निघून अकराच्या बोर्डाला पोचता येतं. मराठीत जबाब समजणारी आणि इंग्रजीत अपिलाची कारणं लिहू शकणारी ज्युनिअर तिथे लागणार आहे. पुण्यात पाच वर्षं इंग्रजीशी झुंजलीस, ते इथे कामाला येईल.

मग वडिलांच्या मित्राच्या ऑफिसात जावं का? इथे मी जरा बिचकते. तालुका कोर्ट शिकायला उत्तम असतं. दिवाणीही बघायला मिळतं, फौजदारीही. पुरसिस (कोर्टाला लेखी कळवणं) देण्यापासून सरतपासापर्यंत (आपल्या साक्षीदाराची साक्ष घेण्यापर्यंत) लवकर हातात येतं. पण वडिलांचा मित्र सिनिअर असला की पैसे मागता येत नाहीत आणि सोडून जाता येत नाही. शिवाय 'आपलीच पोरगी' म्हणून सहा महिने तुला फक्त तारखा घ्यायला पाठवतील. माझा कल जिल्ह्याच्या ठिकाणी, पुरावा चालवणाऱ्या दिवाणी वकिलाकडे जाण्याकडे आहे; घरून जाऊन-येऊन करता आलं तर खोलीभाडं वाचेल. मात्र ठरवायच्या आधी दोन्हीकडे पंधरा-पंधरा दिवस बसून बघ. कागदोपत्री इंटर्नशिप तशीही करायचीच आहे.

बसशील तेव्हा काही गोष्टी डोळसपणे बघ. सिनिअर स्वतः उलटतपास घेतात की तडजोडीवरच भर असतो? आधीचे ज्युनिअर किती टिकले, आणि गेले ते कुठे गेले? ऑफिसात आधीपासून मुली आहेत का? पक्षकार रात्री किती वाजेपर्यंत येतात आणि तेव्हा तिथे आणखी कोण असतं? हे विचारायला संकोच वाटेल. विचारच, आणि सिनिअरपेक्षा जुन्या ज्युनिअर मुलीला विचार. मानधनाचंही पहिल्याच महिन्यात बोल. 'सर, कर्जाचा हप्ता आहे, मला महिन्याला इतके लागतील, त्याबदल्यात टायपिंग, ई-फायलिंग आणि नकलांचं सगळं बघते' असं सांगितलं तर बहुतेक जण काहीतरी कबूल करतात. न बोलणाऱ्याला कोणी देत नाही. दोन-एक वर्षांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात सहायकाच्या जागा निघतात का पाहा. तिथे आरोपींची मोफत बाजू मांडायची, ठरलेलं मानधन मिळतं आणि फौजदारी खटले भरपूर चालवायला मिळतात.

क्लासची उरलेली फी परत मागता आली तर माग, नाहीतर बॅच पुढे ढकलून घे. तीन वर्षांनी द्यायच्या परीक्षेची आज टिपणं घोकून उपयोग नाही. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर मात्र आत्तापासून कर. आपल्या राज्याच्या परीक्षेत मराठी लिहिता-बोलता येणं आणि भाषांतर करता येणं अपेक्षित असतं, आणि पुण्यात शिकलेल्या मुलांची तिथेच फजिती होते. रोज एक जबाब घे आणि भाषांतर कर, इतकं पुरे.

पाच वर्षं फुकट गेली का, याचं उत्तर तू विचारलंस तसं मला देता येणार नाही. पदवीने तुला कायदा शिकवला, वकिली शिकवली नाही. ती आमच्या पिढीलाही शिकवली नव्हती.

याच विषयावर बारावीच्या मुलांच्या पालकांचीही पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. विधी अभ्यासाला घालावं का, यापेक्षा कुठल्या कॉलेजात घालता हा प्रश्न मोठा झाला आहे. ऑगस्ट 2025 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षं नवीन विधी महाविद्यालयांना परवानगी न देण्याचं ठरवलं. दर्जा न सांभाळता कॉलेजं उगवत गेल्याची ही कबुलीच म्हणायची. माहितीपत्रकातला मूट कोर्टचा, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टाचा, फोटो बघू नका. कॉलेजात दुपारी जा आणि तिसऱ्या वर्षाचा वर्ग भरलाय का ते बघा. विद्यार्थ्यांना विचारा, शेवटचं खऱ्या कोर्टात कधी गेला होतात. घरी वकिलीची परंपरा नसेल तर पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद आजच करा. शिक्षणाचा खर्च आठ वर्षांचा धरा, पाच नव्हे. आणि पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी करणाऱ्यांनी, विशेषतः नोकरी करून शिकणाऱ्यांनी, स्वतःला कमी समजू नये. बँकेत, तहसील कार्यालयात, दवाखान्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला त्या क्षेत्रातले दावे कसे उभे राहतात हे आधीच ठाऊक असतं.

तुझ्याकडे वळते. या महिन्यात दोन कामं कर. कर्जाचं मंजुरीपत्र काढून परतफेड कधी सुरू होते ते वाच. आणि सांगलीत दोन आणि कोल्हापुरात एक असे तीन वकील निवड, जे स्वतः पुरावा चालवतात. नावं कॉलेजच्या सरांपेक्षा कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला विचार, त्याला नेमकं माहीत असतं. भेटायला सकाळी जाऊ नकोस, तेव्हा बोर्डाची धांदल असते. संध्याकाळी सहानंतर जा, शुक्रवारी गेलीस तर आणखी बरं. दुसऱ्या दिवशीची घाई थोडी कमी असते. सोबत स्वतः हाताने काढलेली एखाद्या जुन्या निकालाची तारीखवार यादी ने. प्रमाणपत्रांची फाइल घरी ठेवलीस तरी चालेल.

तुझी,
ताई